आयव्ही स्टाइलचे कपडे घेताना: खांदा, कॉलर आणि दुकानं

निळा ब्लेझर, पांढरा ऑक्सफर्ड शर्ट, खाकी पँट, लोफर. एवढी यादी हातात असली की पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मॉलमध्ये हे चारही नग तासाभरात मिळतात. तरी ते चढवून आरशासमोर उभं राहिलं की माणूस हॉटेलच्या रिसेप्शनवरचा वाटतो, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या आवारातला वाटत नाही. रंग तेच असतात, कपडा बेतण्याची रीत वेगळी असते. हा लेख त्या रीतीबद्दल आहे आणि ती सांभाळणाऱ्या दुकानांबद्दल.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जुन्या, आयव्ही लीग म्हणवणाऱ्या विद्यापीठांतली मुलं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे कपडे घालत, ते शिकारीचे, पोलोचे, होडीवरचे आणि ऑफिसचे कपडे मिसळून झाले होते. १९४४च्या कायद्यामुळे युद्धावरून परतलेले सैनिक सरकारी मदतीवर कॉलेजात आले आणि येताना लष्करी खाकी पँटी घेऊन आले. १९५० ते १९६७च्या आसपास या पेहरावाचा सगळ्यात भरभराटीचा काळ होता. श्रीमंतांच्या पोरांपुरता तो कधीच राहिला नाही. जॅझ वाजवणाऱ्यांनी आणि नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी तो अंगावर असा काही बाणवला की आज जुने फोटो पाहताना नजर आधी त्यांच्याकडेच जाते. मग अमेरिकेत लांब केस आणि जीन्स आल्या नि हे सगळं मागे पडलं. टिकलं ते मोजक्या दुकानांत आणि जपानमध्ये.

मुद्दा असा की त्या दुकानांपैकी बऱ्याच जणांचे मालक बदलले, कारखाने बंद पडले. त्यामुळे नाव वाचून खरेदी करण्यात अर्थ उरलेला नाही. कपडा उलटून पाहता आला पाहिजे.

आधी कपाटातल्या कपड्यांची मापं

परदेशातून मागवायचं असेल तर अंगाच्या मापापेक्षा नीट बसणाऱ्या कपड्याचं माप जास्त उपयोगी पडतं. अंगाला छान बसणारा एक शर्ट, एक कोट, एक पँट पलंगावर सपाट पसरा, बटणं लावा, सुरकुत्या हाताने काढा आणि टेप घ्या.

कोटाची चार मापं: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, पाठीवर खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, कॉलरच्या खालच्या कडेपासून पाठीची उंची आणि खांद्याच्या शिवणीपासून बाही. पँटची कंबर, मांडी, मोहरी आणि चौथं माप, जे आपल्याकडे कोणी विचारत नाही: दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथपासून पुढून कंबरपट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत. आयव्ही पँटचं सगळं रूप या मापावर अवलंबून असतं. ते अकरा इंचांच्या खाली असेल तर सोडून द्या.

अमेरिकन शर्टावर दोन आकडे असतात, समजा साडेपंधरा आणि तेहतीस. पहिला कॉलरचा, दुसरा बाहीचा, दोन्ही इंचांत. बाही मात्र मानेमागच्या मध्यापासून मोजलेली असते. म्हणून आपल्या शर्टाच्या खांद्याच्या रुंदीचं निम्मं करा आणि त्यात बाहीची लांबी मिळवा. खांदा अठरा आणि बाही साडेचोवीस असेल तर उत्तर साडेतेहतीस. आपल्याकडच्या फॉर्मल शर्टांवरचा ३९ किंवा ४० हा बहुतेक वेळा कॉलरचा सेंटिमीटरमधला आकडा असतो. ३९ म्हणजे साधारण साडेपंधरा इंच. कोटावरचा ४० मात्र छातीचा, इंचांत. छाती चाळीस असणाऱ्याला काखेतून काखेपर्यंत सव्वाएकवीस इंच भरणारा कोट मोकळा आणि बरोबर बसतो.

शर्ट, म्हणजे खरं तर कॉलर

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला. बटण-डाउन कॉलर ब्रूक्स ब्रदर्सने १८९६च्या सुमारास आणली. हेन्री सँड्स ब्रूक्स यांनी १८१८ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेलं हे दुकान. त्यांचा नातू जॉन याने इंग्लंडमध्ये पोलो खेळणाऱ्यांच्या कॉलरी वाऱ्याने तोंडावर उडू नयेत म्हणून बटणांनी अडकवलेल्या पाहिल्या, आणि ती युक्ती घरी आणली. दुकान आजही त्याला पोलो शर्ट म्हणतं.

आता कॉलर जवळून पाहू. टोकाची लांबी सव्वातीन इंच किंवा त्याहून थोडी जास्त हवी. आत बकरम, म्हणजे कॉलर कडक करणारं अस्तर, नको, निदान चिकटवलेलं तरी नकोच. कॉलर आणि बटण यांच्यामध्ये थोडं जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्यामुळे बटण लावल्यावर कॉलर सपाट पडत नाही, वरून फुगून वळते आणि मग खाली टोकाशी येते. गळ्याशी टाय असो वा वरचं बटण उघडं असो, ते वळण तसंच राहतं. दुकानात तपासायची सोपी रीत: बटणं लावलेली असताना कॉलरखाली बोट घाला. बोट सहज फिरलं पाहिजे. कापड ताणलेलं लागलं तर त्या शर्टाला कितीही इस्त्री करा, वळण येणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक तयार बटण-डाउन शर्टांच्या कॉलरी अडीच इंचांच्या आणि पुठ्ठ्यासारख्या कडक असतात. मुंबईत आता युनिक्लोची दुकानं आहेत, त्यांचं ऑक्सफर्ड कापड किमतीच्या मानाने चांगलं असतं. पण कॉलर आखूडच.

ऑक्सफर्ड कापडात दोन बारीक उभ्या धाग्यांवर एक जाड आडवा धागा विणतात. निळ्या शर्टात उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, म्हणून जवळून पाहिलं की ठिपके ठिपके दिसतात. हे कापड धुण्यागणिक मऊ होतं. पिनपॉइंट नावाचं बारीक विणीचं कापड ऑफिसला चालेल, पण त्यात तो ओबडधोबडपणा नाही.

खळ घालू नका. कडक इस्त्रीही नको. वाळवताना कॉलर हाताने ओढून सरळ करा, बास.

पहिले दोन शर्ट पांढरा आणि निळा. तिसरा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. गुलाबी चौथा, आणि तो आणल्यावर घरच्यांच्या दोन टोमण्यांची तयारी ठेवा.

पँट

इथे फार वेळ घालवायला नको. समोरून प्लीट (चुण्या) नको, कंबर बेंबीजवळ, मांडीला मोकळी, मोहरी सपाट मोजल्यास आठ ते साडेआठ इंच. खाकीचं कापड जाड सुती टविल असावं, ताणलं जाणारं नको. त्या दोन टक्के स्पँडेक्समुळे पँट चारदा धुतली की गुडघ्यांवर फुगते. दुसरी पँट करड्या फ्लॅनेलची, तिला खाली पावणेदोन इंचांची दुमड. मुंबईत फ्लॅनेल घालायला वर्षात फारसे दिवस मिळत नाहीत, तिथे करड्या रंगाची हलकी लोकरी पँट घ्या.

कोट

कोट शेवटी घ्या, कारण तो सगळ्यात महाग असतो आणि चुकला तर सुधारत नाही.

ब्रूक्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो सॅक सूट बाजारात आणला, त्याचीच ही वंशावळ. समोर छातीपासून खिशापर्यंत जाणारा टक नसतो, त्यामुळे कोट कंबरेत आवळत नाही, सरळ पडतो. खांद्यात पॅडिंग नसतं किंवा अगदी पातळ असतं. खांद्याच्या शिवणीवर हात फिरवलात तर तुमचंच हाड लागलं पाहिजे. बटणं तीन, पण लॅपेल, म्हणजे छातीवर दुमडलेली कड, वरच्या बटणावरून वळून मधल्या बटणापर्यंत येते. वरचं बटण आणि त्याचं काज वळणात लपतात. लावायचं फक्त मधलं. लॅपेल इस्त्रीने चापून बसवलेली असेल आणि वरचं काज सपाट समोर दिसत असेल, तर तो साधा तीन बटणांचा कोट समजायचा. पाठीला मधोमध एकच चीर, वरच्या टोकाला हुकासारखी वळलेली. बाहीवर दोन बटणं. कडेपासून पाव इंचावर मारलेली टीप. खिसे बाहेरून लावलेले, वर फ्लॅप. अस्तर निम्मंच.

यातलं सगळं एका कोटात मिळालं नाही तरी चालेल. पण खांदा आणि टक या दोन गोष्टींत तडजोड नको.

टेलर काय करू शकतो आणि काय नाही, हे घेण्याआधी माहीत हवं. बाही आखूड होते, बाजूच्या शिवणीतून कंबर थोडी आत घेता येते, पाठीचा कॉलरखालचा फुगवटा काढता येतो. खांदा मात्र लहान होत नाही, म्हणजे कोणी करून दिला तरी कोट बिघडतो. उंची एखादा इंच कमी केली तर खिसे खाली आल्यासारखे दिसतात. म्हणून खांदा आणि उंची बरोबर असेल तरच पैसे द्या. उंची कुल्ले झाकण्याइतकी. शर्टाची बाही कोटाबाहेर अर्धा इंच दिसावी.

पहिला कोट नेव्ही ब्लेझर, हॉपसॅक विणीचा. ती जाळीदार असते, हवा खेळते, म्हणून आपल्या हवेला सगळ्यात सोयीची. बटणं पितळी घ्यायची की काळपट, हा प्रश्न पितळी बटणांवर बिल्ला कोणाचा आहे यावर सोडवावा. ज्या संस्थेशी आपला संबंध नाही तिचा बिल्ला मिरवण्यापेक्षा कोरी बटणं बरी. दुसरा कोट थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी हॅरिस ट्वीडचा घ्यावा. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकराच्या घरी विणलेल्या कापडालाच हे नाव लावता येतं, तसा १९९३चा ब्रिटिश कायदा आहे. आत गोलावर क्रॉस असलेलं लेबल पाहा. मुंबईकरांनी या कोटाचा फक्त फोटो पाहावा.

बूट

पेनी लोफर. जी. एच. बास या मेन राज्यातल्या कंपनीने १९३६ मध्ये वीजन नावाचा लोफर काढला आणि कॉलेजांत तोच चालला. आज तो अमेरिकेबाहेर बनतो, चामडं जरा प्लास्टिकसारखं चमकतं, पण आकार बरोबर आहे आणि सुरुवातीला पुरेसा आहे. त्याच राज्यातल्या लुइस्टनला रँकोर्ट हाताने शिवलेले लोफर करतं, ते त्याच्या वरचे. सगळ्यात वर ऑल्डन, मॅसॅच्युसेट्समधलं, १८८४ पासूनचं. त्यांचा कॉर्डोव्हन लोफर घोड्याच्या पुठ्ठ्याच्या चामड्याचा असतो. हे चामडं शिकागोची हॉर्वीन टॅनरी कमावते. त्याला गायीच्या चामड्यासारख्या बारीक सुरकुत्या पडत नाहीत, लाटा पडतात.

माप घेताना एक नियम: लोफर पहिल्या दिवशी घट्टच हवा. चामडं रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. पहिल्या दिवशी आरामात बसणारा लोफर दोन महिन्यांनी टाचेतून निसटतो. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात तेव्हा घालून पाहा. पावसाळ्यात हे बूट बाहेर काढू नका, महाराष्ट्रात तर मुळीच नाही.

स्वेटर एकच पुरे, शेटलंड लोकरीचा, गोल गळ्याचा, खांद्यावर शिवण नसलेला. ठेवताना घडी घालून ठेवायचा, टांगला तर लोंबतो. कपाटात कसर लागू नये म्हणून धुऊनच ठेवा, कसर मळलेल्या लोकरीवर आधी येते. टाय सव्वातीन इंच रुंद, तिरप्या पट्ट्यांचा. ब्रिटिश रेजिमेंटच्या टायवरचे पट्टे घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून खाली उजवीकडे उतरतात. ब्रूक्सने ते उलटे फिरवले, म्हणजे ज्या पलटणीत आपण नव्हतो तिचा टाय घातल्याचा आरोप नको.

दुकानं

जे. प्रेस. जेकोबी प्रेस यांनी १९०२ मध्ये येलच्या आवाराशेजारी न्यू हेवनला सुरू केलं. १९८६ पासून ते जपानच्या ऑनवर्ड काशियामा कंपनीकडे आहे, आणि बहुधा त्यामुळेच वाचलं. ब्लेझर घ्यायचा तर पहिलं दार हेच ठोठवावं: टक नसलेला, तीन बटणांचा, नैसर्गिक खांद्याचा कोट इथे नेहमीचा माल आहे. त्यांच्या शर्टाच्या खिशाला फ्लॅप असतो, ही त्यांची खूण. ब्रश फिरवून केसाळ केलेला शॅगी डॉग स्वेटर स्कॉटलंडहून येतो. न्यू हेवन, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनला दुकानं आहेत, त्यामुळे न्यू जर्सीकडच्या मराठी मंडळींना गाडी काढून जाऊन अंगावर घालून पाहता येतं. तसंच करा.

ब्रूक्स ब्रदर्सबद्दल मन दोन्हीकडे ओढलं जातं. जुलै २०२० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या गारलंडचा शर्टांचा कारखाना, मॅसॅच्युसेट्समधला सूटांचा आणि न्यूयॉर्कमधला टायचा कारखाना बंद झाला. नवे मालक ब्रँडांचे व्यापारी आहेत. आज तिथे ऑक्सफर्ड शर्ट आणि टाय घ्यावेत, कोट तपासूनच. सेल वर्षातून अनेकदा लागतो, पूर्ण किंमत देण्याची घाई नको. ३४६ आकड्याच्या लेबलाकडे लक्ष द्या. मॅडिसन अॅव्हेन्यूवरच्या जुन्या मुख्य दुकानाचा तो क्रमांक, पण अलीकडच्या काळात तो आउटलेटसाठी बनवलेल्या हलक्या मालावर लागतो. भारतात हे नाव रिलायन्स ब्रँड्सबरोबरच्या भागीदारीतून आलं.

ओ'कॉनेल्स, बफेलो, १९५९ पासून. वेबसाइट पाहून जुन्या वाण्याच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. रचना अस्ताव्यस्त, माल अस्सल. शेटलंड स्वेटर, मद्रास (चौकड्यांचं सुती कापड, त्याची गोष्ट पुढे), करड्या फ्लॅनेलच्या पँटी यांसाठी मी आधी इथेच पाहतो. शंका असेल तर ईमेल करून मापं विचारा.

अँडोव्हर शॉप, मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी. हार्वर्ड चौकात त्यांची जी शाखा होती तिथे चार्ली डेव्हिडसन हे गृहस्थ जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचे कपडे बेतत. ती शाखा आता नाही, मूळ दुकान आहे. चार्ल्सटनचं बेन सिल्व्हर ब्लेझरच्या बटणांसाठी आणि पट्ट्यांच्या टायसाठी. मर्सर अँड सन्स १९८२ पासून बकरम नसलेल्या कॉलरीचे शर्ट शिवतं, घेर इतका ऐसपैस की नेहमीपेक्षा एक माप लहान मागवण्याचा विचार करावा.

आणि जपान. केन्सुके इशिझू यांनी व्हॅन कंपनीतून पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या तरुणांना हे कपडे शिकवले. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकआधी तिथल्या गिन्झा भागात अशा कपड्यांत रेंगाळणाऱ्या पोरांची पोलिसांनी धरपकड केली होती, इतकं ते प्रकरण वाढलं. व्हॅनमध्येच घडलेल्या योशिओ सादासुए यांनी १९९३ मध्ये कामाकुरा शर्ट्स सुरू केलं. किंमत, शिलाई आणि शिंपल्याची बटणं यांचा इतका चांगला मेळ दुसरीकडे क्वचित सापडतो. त्यांच्या व्हिंटेज आयव्ही मालिकेतली कॉलर मागवा, बाकीच्या कॉलरी आखूड आहेत.

भारतातून मागवताना शर्टाच्या किमतीत पाठवणी आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करा. परत पाठवणं परवडत नाही. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतली जागा हा अजूनही सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे, आणि तो कपडा आधी तिकडे मागवला तर चुकलेलं माप तिथल्या तिथे बदलून घेता येतं.

जुने कपडे ईबेवर घेत असाल तर विक्रेत्याकडून वर दिलेली चारही मापं आणि काखेचा, बाहीच्या कडेचा, मोहरीचा फोटो मागा. अस्तर फाटलेलं दुरुस्त होतं. काखेतला घामाचा डाग आणि कसरीची भोकं यांना उपाय नाही.

मद्रास, आणि आपला टेलर

उन्हाळ्यातला आयव्ही कपडा म्हणजे मद्रास चेक्स, आणि तो आपल्याच देशातून गेला. १९५८ मध्ये विल्यम जेकबसन या अमेरिकी आयातदाराने कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्याकडून हातमागाचं मद्रास घेतलं आणि ते ब्रूक्सकडे पोचलं. कापड थंड पाण्यात वेगळं धुवायचं, ही सूचना गिऱ्हाइकापर्यंत गेलीच नाही असं सांगतात. रंग उतरले, तक्रारी आल्या. मग जाहिरातीने तोच दोष गुण म्हणून विकला: प्रत्येक धुण्यात रंग एकमेकांत मिसळणार, याची हमी. नायर यांनीच पुढे मुंबईत सहारला लीला हॉटेल उभारलं.

आज रंग उतरणारं मद्रास मिळणं अवघड आहे, पक्क्या रंगाचं हातमागाचं मात्र मिळतं. पन्हा अरुंद असतो, त्यामुळे कापड जास्त लागतं. चेक्स बटणपट्टीवर आणि खिशावर जुळले पाहिजेत, तेवढं जास्तीचं धरा. पहिली धुणी थंड पाण्यात मीठ घालून, एकटंच कापड.

शर्ट शिवून घेणं ही आपली मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या. ५८ इंची पन्ह्याचं ऑक्सफर्ड पावणेदोन मीटर पुरतं. ते आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवा, म्हणजे नंतर आटणार नाही. मापाला जुना शर्ट द्या, पण कॉलर त्याच्यासारखी करू नका असं स्पष्ट सांगा. कागदावर कॉलर काढून नेलेली बरी: टोक सव्वातीन इंच, बकरम नाही, बटण कॉलर सपाट ठेवल्यावर जिथे पोचते त्यापेक्षा पाव ते अर्धा इंच वर. टेलर म्हणेल की बकरमशिवाय कॉलर उभी राहणार नाही, गिऱ्हाईक परत येतात. त्याचं म्हणणं टायच्या कडक शर्टापुरतं खरं आहे. त्याला सांगा, न उभी राहिली तरी चालेल, पैसे तेवढेच देतो. पहिल्या खेपेला एकच शर्ट टाका, तीन वेळा धुवा, कॉलर नीट वळतेय का पाहा, आणि मगच उरलेलं कापड त्याच्या टेबलावर ठेवा.